आठव्या बिटातील मराठी

कॅबिनेटच्या दर्शनी भागावर, दिव्याच्या शेजारी, ताईच्या अक्षरातील एक चिठ्ठी अजून चिकटलेली होती: ‘बंद करण्यापूर्वी पार्क करणे.’ सेलोटेप तपकिरी पडून पापडासारखी ठिसूळ झाली होती आणि शाई फिकी पडली होती, पण अक्षर वाचता येत होते. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आवराआवरीत नाशिकच्या इंदिरानगरमधील घराच्या माळ्यावरून, जुन्या चादरीत आणि त्यावरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आमचा एक्स.टी. (आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसीच्या धर्तीचा) संगणक खाली उतरवला, तेव्हा मला सर्वांत आधी ती चिठ्ठी दिसली. तो भंगारवाल्याच्या हाती न देता चालू करून पाहायचा, हे मी तिच्यामुळेच ठरवले. त्या काळच्या अनेक हार्ड डिस्कमध्ये तबकडीवर तरंगणारे हेड वीज बंद झाल्यावर आपोआप सुरक्षित जागी जात नसे. ‘पार्क’ नावाचा छोटा प्रोग्राम चालवून ते रिकाम्या पट्ट्यावर नेऊन ठेवावे लागे, नाहीतर यंत्र हलवताना हेड तबकडीवर आपटून तिथला मजकूर कायमचा जाण्याची भीती असे. ताई हे काम कधीच विसरत नसे, त्यामुळे शेवटच्या दिवशीही तिने ते केलेच असणार याची मला खात्री होती.

१९९१ ते १९९६ या काळात रविवार कारंजाजवळच्या एका वाड्याच्या तळमजल्यावर आम्ही दोघे टायपिंगचे जॉबवर्क करीत होतो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे, आणि मराठी टंकलेखनाची सरकारी परीक्षा ती हातयंत्रावर उत्तीर्ण झाली होती. लग्नपत्रिकांचे मजकूर, गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांच्या नोटिसा, वकिलांचे अर्ज, आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी जवळ आली की द्राक्ष बागायतदारांना वाटायची फवारणीची वेळापत्रके, अशी आमची कामे असत. दिवसाचे काम आटोपले की अण्णा, म्हणजे आमचे वडील, ताईच्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि पंचवटीतील आपल्या लहानपणाच्या आठवणी सांगत, आणि ताई त्या टाइप करीत असे. अण्णा वाक्याच्या मध्येच विचारात पडत. मग ताईही थांबे, आणि थांबली की सवयीने कंट्रोल, के आणि एस दाबून तेवढा मजकूर सेव्ह करी, कारण लाइट कधी जातील याचा नेम नसे. त्या आठवणींची डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढलेली एकुलती एक प्रत नातेवाइकांत फिरता फिरता हरवली. अण्णा १९९७ साली गेले. त्यांचे शब्द कुठे शिल्लक असतील तर ते या पेटीत आणि तिच्यासोबत ठेवलेल्या फ्लॉप्यांत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, आणि तरीही मधली इतकी वर्षे आम्ही ती पेटी उघडली नव्हती.

इतक्या वर्षांनी असे यंत्र थेट वीजजोडणीला लावणे हा त्याला मारण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. त्यामुळे पहिले चार दिवस मी फक्त स्क्रू काढले, फोटो घेतले आणि साफसफाई केली. मागचे पाच स्क्रू काढून कव्हर पुढे सरकवले, तेव्हा आत धुळीचा राखाडी थर, पालीची दोन रिकामी अंडी आणि कार्डांच्या मधे कोळ्याचे जाळे होते. मऊ ब्रशने धूळ काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने मदरबोर्ड पुसत गेलो, तसतशी त्यावरील अक्षरे वर येऊ लागली. एका चकचकीत धातूच्या डबीवर १४.३१८१८ हा आकडा कोरलेला होता. मूळ आयबीएम पीसीतही हाच स्फटिक आहे. अमेरिकेतील रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताची जी वारंवारता, तिच्या नेमकी चौपट ही संख्या आहे. तीच एका स्फटिकातून टीव्हीसाठीही वापरता यावी म्हणून आयबीएमच्या अभियंत्यांनी तिला तिनाने भागून प्रोसेसरला दिले, आणि त्यामुळे इंटेलच्या ८०८८ चा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ असा विचित्र ठरला. एक्स.टी. हाताळलेल्या माझ्या पिढीतील कुणालाही हा आकडा विसरता येणार नाही, पण तो टीव्हीच्या रंगांतून आला हे मला मात्र पुष्कळ उशिरा समजले.

नाशिकसारख्या ठिकाणी, एका वाड्यातल्या दोन खोल्यांत असे यंत्र पोहोचू शकले, त्याचे कारणही त्या मदरबोर्डावर डोळ्यांसमोर होते: त्यावरील जवळजवळ प्रत्येक चिप बाजारात मिळणारी होती. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने पहिला पीसी जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या गटाने तो सुमारे वर्षभरात तयार केला होता, आणि इतक्या कमी वेळात काम उरकण्यासाठी त्यांनी स्वतःचे भाग घडवण्याऐवजी बाहेरचे तयार भाग घेतले. शिवाय सर्किटच्या आकृत्या आणि बायॉसचा, म्हणजे यंत्र सुरू होताच पहिल्यांदा चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रामचा, संपूर्ण मजकूरही त्यांनी तांत्रिक पुस्तिकेत छापला. बायॉसवर कॉपीराइट असल्याने त्याची नक्कल करता येत नव्हती, पण तो मजकूर न पाहिलेल्या अभियंत्यांकडून, केवळ त्याने काय केले पाहिजे याच्या वर्णनावरून, नवा बायॉस लिहून घेण्यास कुणाची आडकाठी नव्हती. आधी कॉम्पॅकने आणि मग १९८४ मध्ये फिनिक्सने ते करून दाखवले, आणि त्यानंतर तैवानमध्ये बनलेले बोर्ड जगभर पसरले. आपल्याकडे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवे संगणक धोरण आले आणि आयात सुलभ झाली. आयबीएम स्वतः तर १९७८ मध्येच भारतातून निघून गेली होती. आमच्या कॅबिनेटवर त्या कंपनीचे नाव कुठेही नव्हते, पण विकणाऱ्याने आम्हाला तो ‘आयबीएम कंपॅटिबल’ म्हणूनच दिला होता, आणि तो शब्द खरा होता.

वीज देण्याची वेळ आली तेव्हा मी भद्रकालीतील एका टीव्ही मेकॅनिककाकांना घरी बोलावले. वय सत्तरच्या पुढे, दुकान आता मुलाकडे आणि तेही मोबाईलचे, पण त्यांचा सिरीज बोर्ड त्यांनी जपून ठेवला होता. शंभर वॉटचा बल्ब मालिकेत जोडलेली ती लाकडी फळी म्हणजे जुन्या मेकॅनिकांचे सुरक्षाकवच: यंत्रात कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो आणि यंत्र वाचते. काकांनी सर्वप्रथम पॉवर सप्लाय एकटाच बाहेर काढला. अशा सप्लायला भार नसेल तर तो सुरूच होत नाही, म्हणून त्यांनी पाच व्होल्टच्या वायरींना स्कूटरचा बल्ब बांधला. सिरीजचा दिवा क्षणभर उजळून मंदावला, पंखा फिरू लागला, आणि मल्टिमीटरवर पाच व बारा व्होल्ट दोन्ही ठीक आले. मग त्यांनी मला सप्लायच्या सहा-सहा वायरींचे दोन जोड दाखवून, ते मदरबोर्डात कसे बसवायचे असे विचारले. “काळ्या वायरी मध्ये, एकमेकींच्या शेजारी,” मी म्हणालो. १९९१ मध्ये यंत्र बसवायला आलेल्या मुलाने मला शिकवलेला हा एकच धडा मी कधी विसरलो नव्हतो, कारण तिथे अदलाबदल झाली तर मदरबोर्ड त्याच क्षणी जळतो.

जोड अचूक बसवूनही यंत्र चालले नाही. पंखा किंचित हलून थांबला आणि सप्लायमधून टिक, टिक असा आवाज येत राहिला. काकांना त्या आवाजावरून निदान करायला वेळ लागला नाही: पुढे कुठेतरी शॉर्ट होता आणि सप्लाय स्वतःला वाचवत होता. वीज काढून बारा व्होल्टची वायर आणि काळी वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला, तर रोध जवळजवळ शून्य. सगळी कार्डे एकेक करून उपसली तरी आकडा हलला नाही. म्हणजे दोष मदरबोर्डावरच होता, आणि तिथे कार्डांच्या खाचांजवळ थेंबाच्या आकाराचे पिवळे टँटलम कपॅसिटर रांगेने बसलेले होते. या कपॅसिटरांची खोड अशी की ते म्हातारे होऊन आतून शॉर्ट होतात, आणि बारा व्होल्टच्या वाटेवर सोळा व्होल्टचाच भाग बसवलेला असेल तर त्यांना फारशी सवड उरलेली नसते. प्रत्येकाचा एक पाय सोल्डरमधून सोडवून मोजत गेलो. तिसऱ्याचा पाय उचलताच मल्टिमीटरचा आकडा चढला. त्याच्या जागी पंचवीस व्होल्टचा नवा कपॅसिटर बसवला आणि काका सांगत नसतानाही त्याच वाटेवरचे बाकीचे दोघेही बदलून टाकले. हा निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते. जुना भाग अस्सल राहावा असा आग्रह धरणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे मला समजते, पण ज्या यंत्रातून मजकूर परत मिळवायचा आहे ते आधी जिवंत राहिले पाहिजे.

मॉनिटरचे काम काकांनी एकट्याने केले आणि मला त्याच्याजवळ फिरकू दिले नाही. पिक्चर ट्यूबमध्ये वीज बंद केल्यानंतरही साठून राहणारा विजेचा दाब माणसाला फेकून देऊ शकतो, हे त्यांनी तीन वेळा सांगितले. वरून आणि खालून चेपलेले चित्र दोन वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलल्यावर पूर्ववत झाले, आणि काळ्या काचेवर तो पिवळसर हिरवा कर्सर लुकलुकू लागला.

यानंतर मेमरीची मोजणी सुरू झाली. चौसष्टच्या टप्प्यांनी आकडा वर चढत होता आणि मी श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होतो. ५७६ वर तो थांबला. आमच्या बोर्डावर ६४० किलोबाइट मेमरी छत्तीस चिपांत विभागलेली आहे: २५६ किलोबाइटच्या दोन रांगा, ६४ किलोबाइटच्या दोन रांगा, आणि प्रत्येक रांगेत आठ बिटांसाठी (बिट म्हणजे ० किंवा १) आठ चिप व पडताळणीच्या पॅरिटीसाठी नववी. म्हणजे दोष शेवटच्या रांगेत होता. यंत्र रोज तापून रोज निवते, त्यामुळे सॉकेटमधल्या चिपा वर्षानुवर्षे केसाएवढ्या वर सरकत जातात. मी अंगठ्याने शेवटची रांग एका टोकाकडून दाबत गेलो, तेव्हा चार चिपांखालून कट् कट् असा आवाज आला, आणि पुढच्या वेळी मोजणी ६४० पर्यंत गेली.

मग पडद्यावर १७०१ हा आकडा आला. हार्ड डिस्क सापडत नाही, असा त्याचा अर्थ. वीस मेगाबाइटची ती डिस्क आज फोनमधल्या दोन-चार छायाचित्रांपेक्षा जास्त काही साठवू शकणार नाही. तिच्यात ६१५ सिलिंडर, चार हेड आणि प्रत्येक पट्ट्यावर १७ सेक्टर आहेत, आणि हे आकडे मला पाठ आहेत, कारण त्या काळी ते डिस्कच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवलेले असत. डिस्क फिरत होती, तिचा चढत जाणारा सूर ऐकू येत होता, पण कंट्रोलर कार्डाशी तिचे बोलणे होत नव्हते. रुंद आणि अरुंद अशा दोन रिबन केबली काढून पाहिल्या तर जोडाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या होत्या. शाळेत वापरतात तो पांढरा खोडरबर घेऊन मी त्या पट्ट्या घासल्या, अल्कोहोलने पुसल्या, आणि केबली परत बसवल्या. पुढच्या वेळी डिस्कमधून कुर्र कुर्र असा हेड सरकण्याचा आवाज आला, आणि मला तो आवाज इतका ओळखीचा वाटला की क्षणभर वाड्याच्या जिन्याखालचा ओलसर वास आल्याचा भास झाला. पडद्यावर डॉसने, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामने, तारीख विचारली. आमच्या यंत्रात घड्याळ नव्हते, त्यामुळे ते दरवेळी मंगळवार, १ जानेवारी १९८० याच दिवशी जागे होते. मी आजची तारीख भरली आणि डॉसने ती निमूट स्वीकारली.

डिरेक्टरी उघडल्यावर आमच्या फाइली तिथे होत्या. आठ अक्षरांच्या आत बसवलेली इंग्रजी नावे, त्यात लग्न, नोटीस, द्राक्ष, आणि शेवटी अण्णा ०१ पासून अण्णा ०७ पर्यंत. मी पहिली फाइल पडद्यावर आणली आणि जे दिसले त्याची मला कल्पना असायला हवी होती. तिथे मराठी नव्हती. पानभर कोपरे, उभ्या आणि आडव्या रेघा, दुहेरी रेघांचे तुकडे आणि भरीव ठोकळे पसरलेले होते, जणू कुणी तक्ते आखण्यासाठीची सगळी चिन्हे एका पोत्यात भरून ओतली होती.

याचे कारण असे की आमच्या यंत्रात त्या काळी जिस्ट कार्ड होते आणि १९९६ मध्ये आम्ही ते काढून एका ओळखीच्या व्यावसायिकाला विकले होते. भारतीय लिप्या पडद्यावर आणणारे हे तंत्र कानपूरच्या आयआयटीत आकाराला आले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांच्या गटाने ते कार्डाच्या रूपाने बाजारात आणले. त्यामागची युक्ती मला आजही अत्यंत सुंदर वाटते. त्या काळच्या संगणकाचे एक अक्षर आठ बिटांचे असे आणि आठ बिटांत २५६ संख्या मावतात. त्यांपैकी ० ते १२७ या पहिल्या अर्ध्यात, म्हणजे फक्त सात बिटांत, इंग्रजीची सगळी अक्षरे आणि चिन्हे बसतात. वरचा अर्धा भाग आयबीएमने रेघा, कोपरे आणि युरोपीय अक्षरे यांना दिलेला होता. इस्की या भारतीय संकेतप्रणालीने, जी १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली, तोच वरचा अर्धा भाग आपल्या अक्षरांसाठी घेतला. १७९ म्हणजे क, १८० म्हणजे ख, आणि हाच १७९ गुजराती, बंगाली, तेलुगू या लिप्यांतही क चाच, कारण या सगळ्या लिप्यांची वर्णमाला एकच आहे. यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रामांना यातले काहीच माहीत असण्याची गरज नव्हती. ते संख्या साठवत, आणि त्या संख्यांची जोडाक्षरे, वेलांट्या, रफार करून दाखवण्याचे काम कार्ड करी. कार्ड नसेल तर त्याच संख्या आयबीएमच्या रेघा होऊन दिसतात. ‘नाशिक’ या शब्दाच्या संख्या १९८, २१८, २१३, २१९ आणि १७९. आमच्या पडद्यावर त्याचे रूप होते: उजवीकडे दोन काड्या फुटलेली उभी रेघ, एक कोपरा, दुहेरी रेघेचा दुसरा कोपरा, भरीव ठोकळा आणि शेवटी साधी उभी रेघ. ही आकृती अण्णांच्या फाइलीत इतक्या वेळा येत होती की अर्ध्या तासात मी ती नजरेने ओळखू लागलो.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या यंत्रात पडद्यासाठी जे हर्क्युलिस जातीचे कार्ड आहे, त्याचा मूळ नमुना १९८२ मध्ये व्हान सुवन्नुकुल या थायलंडच्या विद्यार्थ्याने तयार केला होता, कारण त्याला आपला डॉक्टरेटचा प्रबंध आयबीएम पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. आपल्या भाषेसाठी यंत्र वाकवावे लागलेले आम्ही एकटे नव्हतो.

मजकूर एक्स.टी.मधून लॅपटॉपवर आणण्यासाठी मी एकामागून एक बिट पाठवणाऱ्या सिरियल पोर्टचा मार्ग निवडला. महात्मा गांधी रोडवरून यूएसबीला सिरियल जोडणारी वायर आणली, दोन्ही बाजूंच्या पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारा उलटसुलट करणारी केबल स्वतः सोल्डर केली, आणि पाठवणारा प्रोग्राम जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या संगणकभाषेत दहा-बारा ओळींत लिहिला, कारण यंत्रात त्यासाठीचे दुसरे काहीच नव्हते. फाइलमधला एक बाइट, म्हणजे आठ बिट, वाचायचा, पोर्टवर टाकायचा, पुढचा वाचायचा. पहिली फाइल गेली, लॅपटॉपवर उघडली, आणि त्यातले इंग्रजी शब्द व पत्त्यांचे पिनकोड अगदी बरोबर आलेले पाहून मी समाधानाने उठणार होतो. पण मराठीच्या जागी आता रेघाही नव्हत्या. तिथे इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे होती, आणि ज्या आकृतीला मी नाशिक म्हणून ओळखत होतो तिच्या जागी एफ, झेड, यू, एक चौकोनी कंस आणि इंग्रजी ३ चा आकडा उभा होता.

पोर्ट उघडताना मी फक्त ९६०० हा वेग सांगितला होता. काही न सांगितल्यास बेसिक सात बिट आणि सम पॅरिटी धरते, आणि मी लॅपटॉपही तसाच जुळवून घेतला होता. त्या सात बिटांच्या तारेतून जाताना प्रत्येक अक्षराचा आठवा बिट गळून पडत होता. इंग्रजीचे त्यात काहीच बिघडत नव्हते, कारण इंग्रजीचा आठवा बिट मुळात शून्यच असतो. आमची सगळी मराठी मात्र त्या एका बिटावर उभी होती. १९८ मधून १२८ वजा झाले की ७० उरतात, आणि ७० म्हणजे इंग्रजी एफ. मी कागदावर हे गणित मांडले तेव्हा ताईचा एक जुना नियमही मला नव्याने समजला. मजकूर लिहिण्याचा वर्डस्टार हा प्रोग्राम उघडल्यावर ती नेहमी ‘एन’ दाबून नॉन-डॉक्युमेंट फाइल घेई आणि मलाही तसेच करायला बजावत असे. वर्डस्टार आपल्या नेहमीच्या डॉक्युमेंटमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरते, त्यामुळे तिथे मराठी मिसळली असती तर दोन्हींचा घोटाळा झाला असता. तिने हे कारण कुणाकडून ऐकले होते की एखादे काम बिघडल्यावर शिकली होती, ते मला ठाऊक नाही, पण तिने तो नियम पाळला म्हणून त्या सातही फाइली शुद्ध होत्या. मी पोर्टच्या ओळीत आठ बिट आणि पॅरिटी नाही असे स्पष्ट लिहिले, आणि सगळ्या फाइली पुन्हा पाठवल्या. बेसिक संथ आहे. एकेका फाइलला पाच-सात मिनिटे लागत होती आणि मला घाई नव्हती.

पुढचे काम लॅपटॉपवरचे होते. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच घेतलेली आहे, त्यामुळे वर्णांचा क्रम बहुतेक सारखा आहे. क इस्कीत १७९ आणि युनिकोडमध्ये २३२५. फरक २१४६. मी पहिल्या प्रयत्नात सगळ्या व्यंजनांत २१४६ मिळवले आणि ‘लवकर’ या शब्दाचे ‘ळशकऱ’ झाले. इस्कीत य नंतर नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला य़ बसवलेला आहे, युनिकोडने तो पुढे हलवला, म्हणून र पासून पुढे एक कमी, म्हणजे २१४५ मिळवावे लागतात. स्वरांचा क्रम आणखी वेगळा आणि मात्रांचा त्याहून वेगळा. शेवटी बेरजेचा नाद सोडून मी एकेक अक्षराचा तक्ताच लिहून काढला. हलन्त सलग दोनदा आला तर पाय मोडलेले अक्षर दाखवायचे आणि हलन्तानंतर नुक्ता आला तर अर्धे अक्षर, अशा जोड्या वेगळ्या सांभाळल्या. ‘दुसऱ्या’ आणि ‘पायऱ्या’ यांतला मराठीचा खास अर्धा र पहिल्याच फेरीत शाबूत उतरला, तेव्हा मला फार आनंद झाला. इस्कीने त्याच्यासाठी ऱ ची वेगळी जागा राखून ठेवली होती.

फ्लॉप्यांबद्दल थोडक्यात सांगतो. सव्वापाच इंची तेवीस फ्लॉप्यांपैकी बहुतेकांवर नाशिकच्या पावसाळ्यांची बुरशी होती. आवरण एका कडेने कापून, आतली तबकडी अल्कोहोलने पुसून आणि नव्या आवरणात घालून चौदा वाचता आल्या. त्यांत जॉबवर्कच होते.

ताई आता नाशिकरोडला राहते. दिवाळीच्या पाडव्याला ती आली, तेव्हा एक्स.टी. टेबलावर चालू होता. तिने काही न विचारता खुर्ची ओढली आणि कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले. हातयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करावी लागे. संगणकाच्या इनस्क्रिप्ट या कळमांडणीत आधी व्यंजन आणि मग वेलांटी, म्हणजे जसे बोलतो तसे. ती सवय मोडून नवी लावायला तिला दोन महिने लागले होते आणि त्या दोन महिन्यांत ती रोज रात्री जेवणाच्या ताटावरही बोटे हलवीत असे. तिने पाच कळा दाबल्या. पडद्यावर इंग्रजी व्ही, ई, मोठा एम, एफ आणि के उमटले.

“कार्ड नाही ना रे यात,” ती म्हणाली.

मी लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला आणि त्याचा कीबोर्ड मराठीवर आणला. तो आजही इनस्क्रिप्टच आहे. तिने त्याच पाच कळा त्याच क्रमाने दाबल्या आणि ‘नाशिक’ उमटले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग चष्मा पुसून म्हणाली, “अण्णांचं दाखव.”

आम्ही सातही फाइली क्रमाने वाचल्या. ती मोठ्याने वाचत होती आणि टायपिंगच्या चुका दिसल्या की तिथल्या तिथे दुरुस्त करीत होती. सातवी फाइल अण्णांच्या गोदावरीच्या पुराच्या आठवणींची आहे, ज्याची उंची नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, आणि ती वाक्याच्या मध्येच संपते: ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की’. त्यापुढे काही नाही. त्या संध्याकाळी लाइट गेले होते, हे दोघांनाही आठवत होते. अण्णा म्हणाले होते की पुढचे दिवाळीनंतर सांगतो, आणि मग त्यांच्या आजारपणात ते राहूनच गेले. ताई इथे विचारासाठी थांबलेल्या अण्णांकडे पाहत कंट्रोल, के, एस दाबून बसली असणार, म्हणून निदान इतके तरी उरले.

“पुढचं त्यांनी सांगितलं होतं मला,” ताई म्हणाली. “मी टाइप केलं होतं, पण सेव्ह व्हायच्या आत अंधार झाला.” तिने कर्सर ओळीच्या शेवटी नेला आणि सावकाश लिहिले: ‘आई आम्हाला घाटाकडे जाऊ देत नसे, पण वडील स्वतः खांद्यावर बसवून पाणी दाखवायला नेत.’ मग पूर्णविराम देऊन तिचा डावा हात आपोआप कंट्रोलकडे गेला.